सगळे ऑफ-व्हाइट सारखेच दिसतात, मग निवडायचा कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर तीन बेडरूमचा फ्लॅट, दिवाळीआधी आतून रंग द्यायचाय. चार ऑफ-व्हाइट शेड बाजूला काढलेत. एक हस्तिदंती, एक किंचित गुलाबीकडे झुकणारा, एक राखाडीसर आणि एक तुमच्या शब्दांत 'अगदी साधा, कसलाच नसलेला'. हॉल पश्चिमेच्या गॅलरीकडे उघडतो, एक बेडरूम उत्तरेला आहे, दुसरी पूर्वेला, तिसरी आतल्या डक्टकडे. खाली क्रीम रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स, त्यात तपकिरी रेघा. दारं सागवानी पॉलिशची, वर पीओपी आणि त्यात लपवलेल्या एलईडी पट्ट्या. पेंटर म्हणतो, "ताई, कुठलाही घ्या, भिंतीवर सगळे सारखेच." तुम्हाला ते पटत नाही.

पटू देऊ नका. मी नाशिकमध्ये वर्षानुवर्षं घरांची अंतर्गत सजावट आणि रंगकाम करून घेते आणि सगळ्यात जास्त काळजी मला ऑफ-व्हाइटचीच घ्यावी लागते. गडद निळा थोडा इकडेतिकडे झाला तरी तो निळाच राहतो. ऑफ-व्हाइट थोडा चुकला की भिंत मळकी, आजारी किंवा लोण्यासारखी पिवळी दिसते, आणि रंग तर नवा असतो. कार्डावरचा तुकडा दोन बोटांचा असतो, हॉलच्या भिंती चारशे चौरस फुटांच्या. शिवाय समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर उजेड टाकतात आणि प्रत्येक फेरीत त्या उजेडात रंगाची छटा वाढत जाते. कार्डावर जेमतेम जाणवणारा पिवळेपणा म्हणूनच कोपऱ्यात उभं राहिलं की स्पष्ट दिसतो.

माझं उत्तर आधीच सांगते, कारणं नंतर. चारांतला कोणता सुंदर आहे हा प्रश्न बाजूला ठेवा. तुमच्या टाइल्स बदलणार नाहीत, दारं बदलणार नाहीत, खिडक्यांची दिशा तर नाहीच नाही. या तिघांशी जो भांडत नाही तो शेड तुमचा. ब्लाउजपीस घेताना आपण साडी बरोबर नेतो आणि दुकानाच्या पायरीवर उजेडात येऊन बघतो, तेवढंच इथे करायचंय. इथे साडी म्हणजे टाइल्स.

आता हे चार शेड मुळात काय आहेत ते समजून घ्या. दुकानातला पांढरा बेस म्हणजे मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरेपणा. त्यात टिंटिंग मशिन मोजून थेंब टाकतं: पिवळा ऑक्साइड, तांबडा ऑक्साइड, काळा, क्वचित हिरवा किंवा निळा. ऑफ-व्हाइटमध्ये हे थेंब इतके कमी असतात की शेडचं सगळं चारित्र्य त्यांच्या आपसातल्या प्रमाणावर ठरतं. नुसता पिवळा पडला की हस्तिदंती. पिवळ्याबरोबर तांबड्याचा स्पर्श झाला की उबदार, किंचित गुलाबी. काळा जास्त झाला की राखाडीसर. आणि पिवळा अधिक काळा, तांबड्याशिवाय, म्हणजे हिरवट. हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं, पण पिवळ्या आणि काळ्या रंगाच्या मिश्रणातून शेवाळी छटा येते हे कुठलाही जुना पेंटर सांगेल. तुमचा जो 'कसलाच नसलेला' शेड आहे, त्याच्यावर माझा संशय इथेच आहे. दुकानदाराला फॉर्म्युला विचारा. त्याच्या कॉम्प्युटरवर तो समोरच असतो, कुठला रंग किती टाकायचा तो. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि शेडचं नाव शंभर वेळा वाचून जे कळणार नाही ते त्या तीन ओळींत कळतं. नावांवर तर अजिबात जाऊ नका. एका कंपनीचा आयव्हरी दुसऱ्या कंपनीच्या क्रीमपेक्षा पिवळा असू शकतो. कोड लिहून घ्या.

फॉर्म्युला मिळाला नाही तर डोळ्यांनीही ओळखता येतं, फक्त शेड एकटा बघायचा नाही. एकटा बघितला की डोळा त्याला पांढरा मानून टाकतो. दोन कार्डं कडेला कड लावून धरा, मग एक लगेच गुलाबी आणि दुसरं हिरवट दिसायला लागेल. पांढऱ्याशेजारी धरूनही कळतं, पण तो पांढरा म्हणजे प्रिंटरचा कागद नको. त्या कागदात चमक वाढवणारी रसायनं असतात, त्यामुळे तो निळसर पांढरा दिसतो आणि त्याच्यापुढे प्रत्येक ऑफ-व्हाइट पिवळाच वाटतो. सीलिंगला जो पांढरा लावणार आहात त्याचाच एक हात एका पुठ्ठ्यावर मारून घ्या आणि त्याच्याशी ताडून बघा. मोबाइलवरचे किंवा अ‍ॅपमधले शेड या कामासाठी पूर्ण बाद. स्क्रीनला गडद रंगांमधला फरक दाखवता येतो, या चौघांतला दाखवता येत नाही.

टाइल्सबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण तिथेच तुमचा निर्णय आहे. क्रीम म्हणून विकल्या जाणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स दोन प्रकारच्या असतात. काहींचा क्रीम पिवळ्याकडे झुकतो, काहींचा गुलाबी-बदामी रंगाकडे. ज्यांत तपकिरी रेघा असतात त्या बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारच्या निघतात. एक टाइल ओल्या फडक्याने स्वच्छ पुसा, तिच्यावर सीलिंगच्या पांढऱ्याचा पुठ्ठा ठेवा आणि दिवसा उजेडात बघा. गुलाबी-बदामी निघाली तर हिरवट ऑफ-व्हाइट त्या घरात येऊ देऊ नका. गुलाबी आणि हिरवा हे एकमेकांना उठाव देणारे रंग आहेत, शेजारी आले की दोन्ही वाढतात. भिंत कावीळ झाल्यासारखी दिसते आणि फरशी उगाचच लालसर. घरमालक मग पडदे बदलतात, सोफ्याचं कापड बदलतात, आणि खरा वाद भिंत आणि फरशीत चालू असतो. चकचकीत टाइल तर दुपारचा उजेड उचलून सरळ भिंतीच्या खालच्या भागावर फेकते, त्यामुळे फरशीचा रंग भिंतीत मिसळतोच.

जुन्या नाशिकमधल्या वाड्यांत हा प्रश्न वेगळा असतो. तिथे शहाबादी फरशी, ती मुळातच राखाडी-हिरवट. भिंतींना चुना आणि त्यात चिमूटभर नीळ, म्हणजे निळसर पांढरा. त्या घरांत आज गुलाबी क्रीम लावला तर तो उपरा वाटतो, आणि तुमच्या घरात न शोभणारा राखाडी तिथे शोभून दिसतो. शेड चांगला की वाईट हे असं खालच्या दगडावर अवलंबून असतं.

सागवानी दारांचं थोडक्यात. पॉलिश केलेलं सागवान नारिंगी-तपकिरी असतं. राखाडीसर भिंतीशेजारी ते जास्त नारिंगी दिसतं, उबदार ऑफ-व्हाइटशेजारी शांत बसतं.

उजेडाकडे येऊ. उत्तरेच्या खोलीत वर्षातला बराचसा काळ थेट ऊन येत नाही, फक्त आकाशाचा निळसर उजेड येतो. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २० मेच्या सुमारापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दुपारीही आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्या काळात उत्तरेच्या खिडकीला थोडं ऊन लागतं, पण त्यातला बराच भाग पावसाच्या ढगांत जातो. म्हणून ती खोली निळसर उजेडाचीच धरा. तिथे राखाडीसर शेड लावला की तो थंड आणि मळकट दिसेल. पावसाळ्यात तर जास्तच, कारण ढगाळ उजेड सगळ्याच घरात निळा-राखाडी येतो आणि बाहेरची हिरवळ त्यात भर घालते. गॅलरीसमोर मोठं झाड असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये त्याची हिरवी झाक हॉलमध्ये येते, मार्चमध्ये येत नाही. समोरच्या इमारतीचा रंगही असाच येतो. समोर विटकरी किंवा केशरी भिंत असेल तर तुमच्या पांढऱ्या भिंतीवर दुपारी ती झाक दिसणारच, त्यात पेंटरचा दोष नाही.

पश्चिमेच्या हॉलचं उलट. सकाळी तो साधा, सौम्य असतो, चार वाजल्यापासून उजेड पिवळा, मग नारिंगी होतो. हस्तिदंती शेड त्या वेळी थेट लोण्याच्या रंगावर जातो. ज्यांना तो आवडतो त्यांनी जरूर घ्यावा, पण संध्याकाळी पाहुणे त्याच वेळी बसलेले असतात हे लक्षात ठेवून. पूर्वेची खोली सकाळी उबदार, बाकी दिवस तटस्थ, तिथे कुठलाही शेड फारसा बिघडत नाही. डक्टकडच्या खोलीत दिवसाही दिवा लागणार, म्हणून तिथे सूर्याऐवजी बल्बचा विचार करायचा.

एक गोष्ट जरूर तपासा: सरकत्या खिडक्यांची काच. हिरवट किंवा तपकिरी टिंटची काच असेल तर आत येणारा सगळा उजेड त्या रंगाचा असतो. हिरव्या काचेच्या घरात हिरवट शेड म्हणजे दुहेरी त्रास. शेड बघताना खिडकी रोज जशी असते तशीच ठेवा, बंद तर बंद, जाळी लावलेली तर जाळीसकट.

दिव्यांबाबत मी जरा हट्टी आहे. रंग ठरवायच्या आधी दिवे ठरवा, आणि शक्य असेल तर विकत आणून लावा. आपल्याकडे घरोघरी ६५०० केल्विनचे पांढरेशुभ्र एलईडी लागतात, त्यांचा उजेड निळसर. पीओपीतल्या पट्ट्या बहुतेक ठिकाणी ३००० केल्विनच्या, म्हणजे पिवळ्या. दोन्ही एकदम लावले की एकाच भिंतीच्या वरच्या आणि खालच्या भागाचा रंग वेगळा दिसतो आणि दोष शेडच्या माथी जातो. ४००० केल्विनचे दिवे मुख्य उजेडासाठी घ्या, पट्ट्या ३००० च्या राहू द्या, त्या थोड्या वेळासाठीच लागतात. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा, छापलेला असतो, तो ८० च्या खाली नसावा, ९० मिळाला तर उत्तम. कमी सीआरआयच्या दिव्याखाली दोन वेगळे ऑफ-व्हाइट एकसारखे दिसू शकतात, आणि दिवसा त्यांच्यातला फरक उघड होतो.

आता प्रत्यक्ष नमुना. जुन्या रंगाच्या भिंतीवर चार चौकोन मारून बघायची पद्धत मला मान्य नाही. मागचा जुना रंग डोळ्याला फसवतो, चौकोन शेजारी शेजारी असल्याने ते एकमेकांना फसवतात, आणि नंतर त्या कडा नव्या रंगाखाली उमटू नयेत म्हणून घासाव्या लागतात. त्यापेक्षा प्रत्येक शेडचा लहानातला लहान डबा घ्या. दोन बाय दोन फुटांचे जाड पुठ्ठे किंवा पातळ प्लायचे तुकडे घ्या, त्यावर पांढरा प्रायमर मारा आणि मग रोलरने दोन हात. कडेला बोटभर पांढरा पट्टा सोडू नका, रंग कडेपर्यंत जाऊ द्या. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर किंचित गडद होतं, म्हणून पूर्ण दिवस वाळू द्या, मगच मत बनवा.

मग तो तुकडा भिंतीला उभा टेकवायचा, खाली फरशीला चिकटून, एका वेळी एकच. टेबलावर आडवा ठेवून बघू नका, आडव्या पृष्ठभागावर छताचा उजेड पडतो आणि रंग दोन पायऱ्या उजळ दिसतो. सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी साडेपाचला आणि रात्री दिवे लावून. हॉलमध्ये, उत्तरेच्या खोलीत, दाराच्या चौकटीशेजारी, कोपऱ्यात. कोपऱ्यात दोन तुकडे काटकोनात लावले तर रंग किती वाढतो तेही दिसतं. चारपैकी दोन पहिल्याच दिवशी गळतील, खात्री बाळगा. उरलेल्या दोघांत घाई करू नका.

तुमच्या वर्णनावरून माझा कौल असा. राखाडीसर काढून टाका, उत्तरेची खोली त्याला मारून टाकेल आणि दारं नारिंगी दिसतील. 'साधा' काढून टाका, टाइल्स गुलाबी-बदामी असतील तर नक्कीच. राहिले हस्तिदंती आणि गुलाबीकडे झुकणारा. पश्चिमेचा हॉल बघता मी हस्तिदंती पूर्ण तीव्रतेने लावणार नाही. गुलाबीकडे झुकणारा घ्या, पण अर्ध्या तीव्रतेचा. दुकानदाराला सांगा, याच कोडमध्ये रंगद्रव्यं निम्मी टाकून दे. ते सहज होतं, फक्त लहान डब्यात नमुना करून आधी बघा, कारण एक लिटरच्या डब्यात थेंब इतके कमी असतात की मशिनची किंचितशी चूकही छटा बदलते. अर्धा केलेला हा शेड संध्याकाळी उबदार होईल, गुलाबी होणार नाही, आणि उत्तरेच्या खोलीतला निळा उजेड त्याला तटस्थावर आणून ठेवील. कार्डाच्या मागे किंवा कॅटलॉगमध्ये एलआरव्ही दिलेला असतो, म्हणजे रंग किती टक्के उजेड परत फेकतो तो आकडा. ८० च्या आसपास असू द्या. डक्टकडच्या खोलीला तो फार उपयोगी पडेल. टाइल्स पिवळ्याकडे झुकणाऱ्या निघाल्या तर मात्र माझा कौल बदलतो. मग हस्तिदंतीच, तोही अर्ध्या तीव्रतेचा.

सगळ्या खोल्यांना एकच शेड चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालेल, आणि मी तेच सुचवते. खोलीगणिक उजेड वेगळा असल्याने तो एकच शेड प्रत्येक खोलीत जरा निराळा दिसतो, तेवढी विविधता पुरते. जवळजवळ सारखे दोन ऑफ-व्हाइट एका घरात आले की दारातून बघताना एक मळलेला वाटतो. किचनच्या ऑफ-व्हाइट शटर्सनाही हेच लागू. तिथे भिंत एकतर तंतोतंत त्यांच्याशी जुळवा, नाहीतर स्पष्ट वेगळी ठेवा.

सीलिंग पांढरंच ठेवा, मॅट. भिंतीच्या कंपनीचाच पांढरा घ्या. काही तयार पांढऱ्यांत निळसर झाक असते, ती ऑफ-व्हाइटला पिवळं पाडते, म्हणून वर सांगितलेला सीलिंगचा पुठ्ठा महत्त्वाचा. दारांच्या चौकटींना किंवा ग्रिलला पांढरं ऑइल पेंट असेल तर ते अंधाऱ्या जागी वर्षा-दोन वर्षांत पिवळं पडतं. पाण्यावर चालणारं इनॅमल घ्या, ते तसं पडत नाही.

हॉलला चमकदार फिनिश घेऊ नका. पश्चिमेचं तिरपं ऊन भिंतीवरून घासत जातं आणि लांबी (पुट्टी) भरताना राहिलेली प्रत्येक लाट, प्रत्येक पट्टा दाखवतं. चमक जितकी जास्त तितकं ते जास्त दिसतं, आणि चमक असलेल्या भिंतीचा रंग बघण्याच्या कोनानुसार बदलतो, म्हणजे तुमची सगळी मेहनत वाया. धुता येणारं मॅट किंवा अगदी हलक्या चमकेचं इमल्शन मिळतं, ते घ्या. किचनला मात्र थोडी चमक हवी. फोडणीचा तेलकट थर मॅटवरून निघत नाही आणि ऑफ-व्हाइट हळूहळू हळदीकडे जातो. देवघराच्या मागच्या भिंतीलाही तेच, समई आणि उदबत्तीची काजळी पुसता यायला हवी.

दिवाळीआधी म्हणताय, म्हणून पश्चिमेच्या भिंतीची काळजी वाटते. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, ती बाहेरची भिंत सप्टेंबर संपला तरी आतून ओल धरून असू शकते. ओलीवर लावलेल्या ऑफ-व्हाइटवर पिवळे डाग आणि फुगवटे येतात, गडद रंगात लपतात तसे इथे लपत नाहीत. एक फूट चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आत दव जमलेलं दिसलं तर ती भिंत शेवटी घ्या, पंखे लावा, आणि तरीही ओल असेल तर बाहेरून भेगा बंद करून ती भिंत दिवाळीनंतर करा. कुठे नवा गिलावा केला असेल तर त्याला महिनाभर तरी सुकू द्या.

खरेदी एकदम करा. लांबी भरलेल्या भिंतीवर लिटरमागे दोन हातांचे साधारण ६० ते ७० चौरस फूट होतात, म्हणजे चारशे चौरस फुटांच्या हॉलला सहा-सात लिटर. सगळ्या घराचा हिशोब करून एकाच दिवशी, एकाच मशिनवर टिंट करून घ्या आणि भिंत अर्धी झालेली असताना मधेच नवा डबा न फोडता, दोन डबे आधीच मोठ्या बादलीत एकत्र करून वापरायला सांगा. एकाच कोडच्या दोन डब्यांतला फरक गडद रंगात कळत नाही, ऑफ-व्हाइटमध्ये भिंतीच्या मधोमध उभी रेघ दिसते. दुसऱ्या कंपनीत 'मॅच' करून स्वस्त पडतंय म्हणून कोणी सुचवलं तर नको म्हणा, बेस वेगळा असतो आणि जुळणी दिव्याखाली जमली तरी उन्हात सुटते. शेवटी उरलेला रंग काठोकाठ भरलेल्या बरणीत घट्ट बंद करून ठेवा, तिच्यावर कंपनी, इमल्शनचं नाव, कोड, 'निम्मी तीव्रता' आणि महिना-वर्ष लिहा. पुढे खिळ्याची भोकं बुजवताना ब्रश नको, छोटा रोलर वापरा, म्हणजे पोत जुळेल.